नाक बसवताना

टर्बोपासून दीड वीत मोजली तेव्हा
वडके म्हणाले, अजून पुढे.
अजून म्हणजे किती, तर
"हात ठेवला की चटका बसेलच,
पण काढायला वेळ मिळेल, तिथे."
मी टेप लावली. बहात्तर सेंटिमीटर.
सेन्सरच्या खोक्यातल्या कागदावरही
जवळपास तेवढंच होतं. बोलले नाही.

भोक पाइपाच्या वरच्या अंगाला,
घड्याळात दहा वाजतात आणि दोन वाजतात
त्यांच्या मध्ये कुठेही.
खालून पाडलं तर थंडीच्या सकाळी
पाइपात पाणी धरतं, आणि तापलेला सेन्सर तडकतो.
एवढ्या महागाच्या वस्तूला
गाडीनं आपल्याच घामानं मारावं,
हे काही बरं दिसत नाही.

बॅटरीची वायर काढली का,
इलाहीनं दोनदा विचारलं.
एस ब्लॉकमधून करून आणलेला स्टेनलेसचा नट,
आत अठराचे आटे;
आधी चार टाके, मग फिरवत फिरवत सगळा शिवला.
निळा उजेड भिंतीवरच्या
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर नाचत राहिला.

सेन्सर मात्र लगेच आत जात नाही.
आधी नुसता हवेत टांगायचा,
वीज द्यायची, तो आतून लाल होतो
आणि भोवतालची हवा हुंगून ठरवतो:
ही शुद्ध.
इथून पुढे सगळं हिच्याशी ताडून बघायचं.
भोसरीची हवा! समोर पावडर कोटिंग, मागे फाउंड्री,
आणि हा म्हणतो शुद्ध.
वडके हसले नाहीत.
"कुठून तरी सुरुवात करावी लागते, घारे."

हे वडके म्हणजे
कार्ब्युरेटरच्या काळात गाडीच्या मागे नुसते उभे राहून
पेट्रोल जास्त की हवा, ते सांगणारे.
प्लग उघडून त्याचा बिस्किटी रंग दाखवायचे
तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.
एका शेटनं शंका काढली तर
"तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवा,
कामाला माझं लावलंय"
असं नाना पेठेत भर दुकानात बोलून आलेले.
मग तो आजार. ताप उतरला, खोकला गेला,
वास तेवढा परत आला नाही.
चार वर्षं होतील.

दुपारी डबा उघडला की
झाकण माझ्याकडे सरकवतात.
मी हुंगते, मान हलवते, ते जेवायला लागतात.
एकदाच म्हणाले होते, आमटी आंबली तर सांगत जा.
त्यानंतर विषय नाही.

आट्यांना तांब्याचं ग्रीस, टोकाला न लागू देता.
बावीसचा पाना. वायर गरम पाइपापासून लांब,
क्लिपा मारून, फायरवॉलच्या रबरातून आत.
संध्याकाळचे सात वाजले.

रात्री साडेअकराला नाशिक रस्त्याला काढली.
मोशीचा कचरा डेपो आला, मी काच वर केली.
"गार लागतंय?"
"हो," म्हटलं.

मीटरवर चौदा सात, डुलत, पेंगत.
पुढे रस्ता मोकळा.
तिसऱ्यात टाकून पाय दाबला,
टर्बोनं लांब श्वास ओढला
आणि आकडे जिना उतरावा तसे:
साडेतेरा, साडेबारा, अकरा आठ.
तिथे पाय रोवून उभे.
पाय काढला तशी नुसती हवा,
आकडा वर जाऊन टेकला,
जशी दुपारी टांगलेल्या सेन्सरला लागली होती तीच.

चाकणच्या अलीकडे बाजूला घेतली.
वडके उतरले, मागे जाऊन उकिडवे बसले,
सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं.
चटका बसला असणार, दिसू दिला नाही.
काजळी चिमटीत चोळली,
सवयीनं नाकापर्यंत नेली.
तिथेच धरून ठेवली.
दोन कंटेनर गेले.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"
"अकरा आठ."
बोट पँटला पुसत ते उठले.
"हं. मलाही तेवढंच वाटलं."