शिळाछाप

गणेशखिंडीच्या बागेतून
ओल्या फडक्यात आलेलं अंजीर
गेनू जिनगरानं चिरलं,
आणि दिवेलागणीपर्यंत मुंग्या हाकलत
शिळेवर उलटं उतरवलं.
देठ डावीकडे,
म्हणजे कागदावर उजवीकडे.

साहेबाला खाली लॅटिन नाव हवं होतं.
तेही उलटं.
गेनूला सुलटंही वाचता येत नव्हतं;
बघून बघून काढलं, फळासारखंच,
एक अक्षर चुकलं नाही.

चाळीस प्रती निघाल्या.
अंजीर कुणी खाल्लं, नोंद नाही.
मग वाळू, पाणी, घासणं.
शुक्रवार पेठेत शिळा महाग,
उद्या हिच्यावरच सीताफळ.

त्या सीताफळाची एक प्रत माझ्याकडे आहे.
गेनूचं नाव कुठेच नाही.
भिंग धरलं की
दोन डोळ्यांमधल्या खाचेत
एक पुसट मुंगी दिसते.

ती अंजिराची.