पासंग

पाच ग्रॅमची जागा रिकामी आहे.
निळ्या मखमलीत बाकीची पितळी मंडळी
उंचीप्रमाणे उभी, प्रार्थनेच्या रांगेत असावी तशी,
आणि धाकट्यांमध्ये एक खळगा,
करंगळीचं टोक बसेल एवढा.

बसतं. मी पाहिलंय.

अप्पा वजनमापे निरीक्षक होते, इंदूर शहर.
शेर-छटाक जाऊन किलो आले त्या सुमारास चिकटले
आणि सियागंजातल्या किराणावाल्यांना समजावत फिरले
की तुमचा जुना शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम,
पुरा किलो नव्हे, भिया, जरा वाकून काटा बघा.
त्यांचं मराठीही तसंच, अर्धं रामबागेतलं
अर्धं गोदामातलं:
"थांब ना, काटा अजून डोलून राहिलाय."
काटा थांबेपर्यंत ते श्वास धरायचे.
मीही धरायची.

वजनाला उघडा हात लावायचा नाही.
चिमटा, नाहीतर साबराचा तुकडा.
"घामालाही वजन असतं, रेवा."
मी आठ वर्षांची. तो अख्खा उन्हाळा
पेल्याला, दप्तराला, शेजारच्या मांजरीला
फडक्यानेच हात लावला.

मांगीबाईची गोष्ट त्यांनी सांगितली नाही कधी,
मी बरोबर होते.
मल्हारगंजच्या कोपऱ्यावर ती मटार घेऊन बसायची.
तागडी खोटी होती तिची,
पण गिऱ्हाइकाच्या बाजूने;
किलोमागे दोन मुठी जास्तच जात.
नियमात चूक ती चूक.
अप्पा भर रस्त्यात मांडी घालून बसले, इस्त्रीच्या पँटीसकट,
साखळीची एक कडी काढली,
दांडीला बांधलेली पासंगाची चिंधी सोडली.
काटा मधोमध आला. शिक्का मारला.
ती म्हणाली, बाबूजी, म्हाताऱ्या बाया येतात माझ्याकडे,
आता त्यांचं कसं?
अप्पा उठले, गुडघे झटकले.
"तागडी खरी पाहिजे.
तोलून झाल्यावर वरून काय घालतेस
ते माझ्या खात्यात येत नाही."

आणि पाच ग्रॅम मी नेलं होतं.
शाळेत, कंपासपेटीत,
सोन्याचं आहे म्हणून एका मुलीला दाखवायला.
परतताना नव्हतं. टेंपोत पडलं, की खान नदीच्या पुलावर,
की त्या मुलीनेच,
चाळीस वर्षं झाली, ठरत नाही.
अप्पांनी विचारलं नाही.
मी रात्री जेवले नव्हते, तेवढं पुरलं असावं.
सकाळी फुलस्केप घेऊन बसले, उभ्या टपोऱ्या अक्षरात,
कचेरीच्या हिंदीत: मेरी असावधानी से.
खाली सही. तारीख.
पगारातून कापून गेलं. पेटी अपुरी ठरली,
मग लिलावात निघाली,
आणि सव्वाशे रुपयांना त्यांनीच घरी आणली.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत
एवढं एकच खोटं माप,
तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने.

आता रात्रपाळीला नवजात कक्षात असते मी.
काटा विजेचा, आकडे हिरवे.
आधी दुपटं ठेवून शून्य करायचं, मग बाळ.
इथे हात उघडेच लागतात, अप्पा,
चोळून ऊन केलेले.
बाळ हलतं, आकडे पळतात,
मी श्वास धरते.

एक किलो सहाशे पंचेचाळीस.
काल चाळीस होते.
देवासहून आलेली आई काचेपाशी उभी,
टाक्यांवर हात धरून.
वाढलं का हो?
वाढलं. पाच ग्रॅम.
एवढंच?
कागदावर जे आहे तेच लिहिते, तेच सांगते.
मग करंगळी वर करून
तिचं टोक दाखवते तिला:

बघा. एवढं.