दोन मिलिमीटर

नाशिकरोड स्टेशनच्या स्टॉलवर
अडीच रुपयांना मिळायचा वावटळ्या.
कागद असा, की बोटांना शाई लागायची
आणि जेवायच्या आधी आई दोनदा हात धुवायला लावायची.

अंक बारा. पूल बुडतोय, वावटळ्या धावतोय.
त्याचं उपरणं लाल,
पण लाल त्याच्या खांद्यावर नाही,
काळ्या रेषेच्या डावीकडे, हवेत.
गालांचा गुलाबीही कानाबाहेर सांडलेला.
मी ठरवूनच टाकलं:
हा इतका जोरात पळतो
की त्याचे रंग मागे राहतात.

पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये तपासनीस.
दिवसभर कोऱ्या नोटा बघायच्या, चुकलेली बाजूला काढायची,
संध्याकाळी गेटवर झडती, डब्याची झाकणंसुद्धा उघडून.
लाखोंच्या ढिगातून उठून
रोज रिकाम्या हातांनी नेहरूनगरच्या क्वार्टरात येणारा माणूस.
त्यांनी अंक ट्यूबलाइटखाली धरला.
"रजिस्टर सरकलंय," म्हणाले. "दोन मिलिमीटर.
आमच्याकडे असता तर गेला असता भट्टीत."

त्या रात्री अंक बारा उशीखाली होता.

मग तो टीव्हीवर आला,
ढोमसे काकूंच्या ब्लॅक अँड व्हाइटवर, करडं उपरणं घालून.
मग कंपासपेटीवर. वह्यांच्या लेबलांवर.
बबलगमच्या कागदात, थुंकी लावून दंडावर चिकटवायचा;
रंगपंचमीला रहाडीत उडी मारली
आणि वर आलो तर दंडावर नुसते पाय उरले होते,
पळत होते.

सिनेमा आला तेव्हा मला नोकरी लागली होती, सातपूरला.
सेकंड शिफ्ट बुडवून गेलो.
काळं चामडं, छातीला पीळ, तोंडात हिंदी.
त्यात त्याला बाप होता, बापाचा खून होता,
तो दोनदा रडला.
आमचा वावटळ्या सरळ धुळीतून उठलेला,
त्याच्यामागे रडायला कोणी नव्हतं.
तरी तिकिटाचा अर्धा तुकडा आहे अजून पाकिटात,
अक्षरं उडालेला.

अंक बारा मात्र क्वार्टर सोडताना गेला.
भद्रकालीत मुश्ताकभाईंच्या रद्दीत गुडघाभर बसून शोधला,
ते वजनकाटा पुसत म्हणायचे,
"साहेब, किलोनं घ्या ना, एकच काय शोधता?"
पुढे पुनर्मुद्रण निघालं. गुळगुळीत कागद,
पूल तोच, पाणी तेच,
आणि लाल बरोबर खांद्यावर.
मी ते वाचून परत पिशवीत ठेवलं.

आता शोकेसमध्ये अकरा इंची पुतळा आहे.
सात हजार आठशे. वर कुरिअर.
सुलक्षणा म्हणाली, "एवढ्यात गिझर आला असता."
खोका फोडलेला नव्हता, फोडायचाही नसतो,
सील तुटलं की किंमत निम्मी.
हे मी पप्पांना सांगत होतो
तोवर त्यांनी अंगठ्याच्या नखानं सील कापलंसुद्धा.
"किंमत?" म्हणाले,
आणि हसले, फक्त नाकातून.

एक्याऐंशी वय. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना.
खिशातून भिंग काढलं, प्रेसमधल्यासारखंच,
पुतळा फिरवत बघितला, टाचेपासून.
"काम चोख आहे. केसभर बाहेर नाही कुठे."
मला बरं वाटलं, का कोण जाणे.
मग त्यांनी तो टेबलावर ठेवला.
"पण हा उभाच आहे रे.
तुझा तो पळत होता."

मी त्यांना ते कधीच बोललो नव्हतो.

भिंग पुसता पुसता म्हणाले,
"ऑपरेशनच्या आधी मला सगळं तसंच दिसायचं.
गॅलरीतून तुला येताना बघायचो,
शर्टाचा निळा एकीकडे,
तू जरा पुढे."

चहा आला. बशीत ओतून त्यांनी फुंकर घातली.
मी खोका सरळ करून
त्याचं झाकण, उगाच, परत लावलं.