नवी माहिती साडेतीनला

वागार बेटावरच्या विमानतळाला
पडदा एकच, छताला टांगलेला,
सात ओळींचा.
सातही ओळी भरल्या असा दिवस
वर्षातून एखादा, ओलाव्सोकाच्या जत्रेत.

लोकांना वाटतं, त्याला सगळं ठाऊक असतं.
देवाला कौल लावावा तसे
माना वर करून उभे राहतात.
मला हसू येतं.
त्याला मी सांगते तेवढंच कळतं,
मला मनोऱ्यातला हायनी सांगतो तेवढंच,
आणि हायनीला
खिडकीतून डोंगर दिसला तर दिसला.

शब्द अकरा आहेत.
यंत्रात आधीच लिहून ठेवलेले,
मी नुसतं बोट ठेवायचं.
वेळेवर. उशीर. दार बंद. गेलं. उतरलं.
रद्द तेवढा लाल.
दर आठ सेकंदांनी कूस बदलतात,
एकदा फेरोईज, एकदा इंग्रजी.
आणि एक,
ज्याच्यामागे मी कितीदा लपले आहे:
नवी माहिती साडेतीनला.

नीट वाचा.
विमान साडेतीनला, असं नाही म्हटलेलं.
साडेतीनला फक्त माहिती येणार,
तीही बहुधा अशी
की पुढची माहिती पाचला.

त्या मंगळवारी धुकं
सोर्वागच्या छपरांवर बसलं होतं.
बेर्गटोरा साडेबारालाच आली,
हातावर नवऱ्याचा जाड कोट.
कोपनहेगनच्या इस्पितळातून तो परतायचा होता,
काळजात नवी झडप घालून.
जाताना ऑगस्ट होता,
कोट खुंटीवरच राहिला.

कोपनहेगन, एक चाळीस.
एकाच विमानाला दोन नंबर,
दोन कंपन्यांनी वाटून घेतलेलं;
आधी एक दिसे, मग दुसरा.
"योआनेस यातल्या कुठल्यात?"
दोन्हीत, मी म्हटलं.
तिला ते मुळीच आवडलं नाही.
नुकता शिवलेला माणूस, अन् दोन विमानांत.

दोन वाजून दहा मिनिटांनी आवाज आला.
छपरावरून, अगदी अंगावर.
सगळ्यांनी खुर्च्या सोडल्या.
आवाज तलावाकडे गेला,
परत आला, पुन्हा गेला.
तिसऱ्यांदा आला तेव्हा
माझी कपबशी किणकिणली.
मग नुसतं धुकं.

तिनं पडद्याकडे पाहिलं. मी यादीकडे.
अकरांत एकही शब्द नव्हता
'डोक्यावर तीनदा येऊन गेलं' यासाठी.
'ऐकू आलं, दिसलं नाही' यासाठी.
उशीरवर बोट ठेवलं, उचललं.
आणि मग तेच,
नवी माहिती साडेतीनला.

साडेतीनला हायनीचा फोन.
बर्गनला उतरले, नॉर्वेत, सगळे ठीक.
याला शब्द आहे: वळवलं.
तो दाबला आणि धावतच काउंटरबाहेर आले,
तिला तो वरून कळू नये म्हणून.
पण ती वाचतच होती.
"वळवलं म्हणजे? मेंढ्या वळवतात तसं?"
तसंच, मी म्हटलं.
रात्री परक्या कोंडवाड्यात, सकाळी घरी.
ती हसली नाही,
पण खाली बसली.

वळवलेली ओळ चाळीस मिनिटांनी
यंत्र आपोआप पुसून टाकतं,
खालच्या ओळी वर सरकतात,
जसं काही झालंच नाही.
मी पुसू दिली नाही.
दर अर्ध्या तासाला उगाच वेळ बदलत राहिले.
हे नियमात बसत नाही.
दिवे मालवून निघाले तेव्हा
रिकाम्या दालनात
कोपनहेगन एकटंच उजळत होतं.

सकाळी धुकं डोंगराच्या कमरेपर्यंत वर गेलेलं.
बेर्गटोरा आली,
आज कोट तिनंच घातलेला,
बाह्या बोटांच्याही खाली.
पडद्याकडे पाहिलंच नाही,
सरळ माझ्याकडे.
"सुन्वा, आलं का?"

दोन मिनिटांपूर्वी मीच दाबलं होतं ते,
याच बोटानं.
तरी मान वर केली
आणि वाचून खात्री करून घेतली.