हुकाच्या जागी शून्य

कुपवाड एमआयडीसीत रात्री साडेदहाला
मी दोन लाख कण सोडते.
एकेकाचा व्यास ठरलेला, वजन ठरलेलं,
प्रत्येकाच्या अंगावर चिमूटभर ऋण भार.
समोर पंपाचं झाकण टांगलंय,
म्हणजे झाकणाचं जाळं, त्रिकोणाला त्रिकोण,
कोळ्यानं हिशेब करून विणल्यासारखं.

बंदुकीच्या टोकाला ऐंशी हजार व्होल्ट.
झाकणाला शून्य.
शून्य लिहायला एक बटण लागतं.

मग कण निघतात.
सरळ जाणारे थोडेच,
बाकीचे झाकणाला वळसा घालून
पाठीमागून येऊन चिकटतात,
जिथे कुणी बंदूक रोखलेलीच नव्हती.
हे मी दर वेळी थांबून बघते.
पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात होते,
घरी आले की कानामागे पिवळे.
आई म्हणायची, तिथं कशी पोचते हो ही?
आता माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चूक आहे.
हळदीला कुणी व्होल्ट दिले नव्हते.

आतल्या कोपऱ्यात मात्र कण जात नाहीत.
क्षेत्राच्या रेषा कडेवरच थबकतात,
दारातूनच बोलून निघणाऱ्या पाहुण्यांसारख्या.
व्होल्ट वाढवले, कोपरा उपाशीच.
कमी केले, साठ, पन्नास, चाळीस,
तेव्हा कुठे ते आत उतरू लागले.
सकाळी दस्तगीरचाचांना दाखवलं.
चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले,
"कोपऱ्यात जोर करायचा नसतो, पोरी.
एवढ्यासाठी रात्रभर पंखा घोंगावला का ह्याचा?"

पण झाकणं भट्टीतून निघाली
आणि जाडीचा मीटर म्हणाला, अडतीस.
माझं गणित म्हणत होतं साठ.
पुन्हा मोजलं. छत्तीस. एकोणचाळीस.
जाळं बारीक केलं, हवेचा वेग तपासला,
पावडरीची बॅच, खोलीतला दमटपणा.
तीन दिवस स्वतःच्या चुका शोधल्या,
बऱ्याच सापडल्या,
बावीस मायक्रॉनची एकही नाही.

चौथ्या दिवशी चाचांनी साखळीवरचा एक हुक काढला,
नखानं टोकरला.
थरावर थर. ट्रॅक्टरचा निळा, गेटचा करडा,
कुठल्याशा शाळेच्या बाकांचा हिरवा.
"ह्यातनं करंट जाईल कुठनं?
अर्थच लागत नाही."
अर्थ म्हणजे अर्थिंग,
हे कळायला मला क्षणभर लागला.

हुक खरवडायचं काम इंदुताई वायदंड्यांचं.
त्या जतला गेल्यात, लेकीच्या बाळंतपणाला.
हजेरीपटावर लाल शाईत दहा खाडे, बिनपगारी.
आणि माझ्या फाईलीत झाकणापुढे
अजून शून्यच,
जणू ते आपोआप असतं.

त्या रात्री मी हुकाला रोध दिला.
पाच मेगाओहम. पन्नास. पाचशे.
भार झाकणावर साचत गेला,
कण अगदी जवळ येऊन मागे फिरू लागले.
सदतीस पूर्णांक आठ.
जुळलं! मी एकटीच टाळी वाजवली,
मग जरा ओशाळले.
रोधाला नाव द्यायचं होतं, मी 'इंदुताई' लिहिलं.
पण मग इंदुताई वाढल्या की रंग कमी, असं झालं असतं.
उलटंच. खोडलं.
दुसरं नाव अजून सुचलेलं नाही.

सोमवारी त्या आल्या. नात झाली म्हणून जिलेबी,
पुडा मशीनच्या पॅनेलवर ठेवला
आणि पोत्यावर बसून पत्र्याच्या पट्टीनं
खर्र, खर्र.
रंगाचे पापुद्रे त्यांच्या मांडीवर पडत होते.
"दिवसाला किती हुक होतात, ताई?"
"मोजतंय कोण. साखळी थांबली की थांबायचं.
घे, गार व्हायच्या आत."

जिलेबी घ्यायला वाकले, पॅनेलला बोट लागलं
आणि टचकन झटका बसला.
"मशीन बरोबर आहे," चाचा न बघताच म्हणाले,
"तुझी चप्पल रबराची आहे."