रिकामी कडी

वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी,
वीजकेंद्राचे लोक धरणाचे दरवाजे लावून घेतात,
आणि आमची सार्कावीर्ताची नदी
सकाळी आठ ते दुपारी चार
नदी नसते.
नुसते दगड, शेवाळ, आणि कपारीकपारीत
गावाने वर्षभर गमावलेले खोटे मासे.

आम्ही रबरी बूट चढवून उतरतो.
एकतीस वर्षं मी कारखान्यात लाकडी मासे कोरले,
म्हणून पोरं मलाच विचारतात, लेंपीआत्या, हे काय?

हा चमचा. तांब्याचा, म्हणजे गढूळ पाण्यातला;
लख्ख उन्हात चांदीचा बरा.
याला नुसतं ओढत सुटायचं नाही.
ओढायचं, मग सोडायचं,
बर्चच्या पानासारखं गिरक्या घेत खाली जाऊ द्यायचं.
पाइक झडप घालतो ती पडत्या चमच्यावर.
ज्याने हा इथे घालवला
त्याला सोडणं जमलं,
पुन्हा ओढायची वेळ कळली नाही.

ही फिरकी. पाण्यात पडली की पहिला एक झटका.
तो विसरलात तर पातं झोपूनच राहतं,
आणि तुम्ही तासभर
लोखंडाची एक काडी फिरवत बसता.
जागी झाली की काठीच्या मुठीत कळतं,
मांडीवरचं मांजर गुरगुरतं तसं.

शिशाच्या डोक्याचा हा जिग.
तळाला टेकू द्या. दोरा सैल पडला? टेकला.
वीतभर उचला, पुन्हा टेकवा.
इथे डोळ्यांचं काम नाही.
आंधळा रेइनो आमच्या दुप्पट पर्च काढायचा
आणि वर विचारायचा, अंधार पडला का रे?

तोंड वासलेला पॉपर खाली शोधू नका, तो तरंगतो.
वर बघा, अल्डरच्या फांदीत, तीन लटकलेत.
वारा पडलेल्या संध्याकाळी एकदाच 'बुळुक' करायचं,
मग वलयं पुरती विरेपर्यंत
गप्प.
हे गप्प बसणं आमच्या घरात कुणालाच येत नाही,
माझ्या भावाला तर नाहीच.

भावाचं नाव अह्ती.
एकोणीस वर्षं सौनात बसून तो सांगतोय:
मासा एवढा, की दोरा तटकन तुटला!
दरवर्षी मासा वाढतोय.

साडेतीनला एका चपट्या दगडाखाली
माझी बोटं ओळखीच्या लाकडाला लागली.
हिरवी पाठ, पोटावर मीच कोरलेला आकडा, ४४१७.
डावीकडे पळत होता हा,
म्हणून नाकातली कडी पकडीने केसभर उजवीकडे वळवून
मी अह्तीच्या पन्नाशीला दिला होता.
अंगावर दातांचे व्रण. म्हणजे मासा खरा होता.

पण कडी रिकामी.

दोरा तुटला असता
तर गाठ कडीतच राहिली असती.
गाठच सुटली होती.
दोन वेढे, तेही घाईत, कोरडेच;
लहानपणापासून सांगत आले मी,
पाच दे, थुंकी लाव, मग हळू आवळ.

काठावर तो पोरांना हात पसरून दाखवत होता.
पसरलेल्या हातांमधून पलीकडचं धरण दिसत होतं.

मी पाठ फिरवली. खिशातून वीतभर दोरा काढला,
कडीत ओवला, गाठ मारली,
उरलेला हिसडून तोडला.
आयुष्यभर माशांना फसवायला केलं,
त्यातलंच हे एक.

त्याने मासा हातात घेतला. बराच वेळ बोलला नाही.
अंगठा गाठीवरून फिरला,
एक, दोन,
थांबला,
तीन, चार, पाच.
माझ्याकडे पाहिलं नाही.

चारचा भोंगा झाला. आम्ही वर आलो.
दगडांवरून पाणी आधी ओल्यासारखं, मग नदीसारखं चढलं.

रात्री सौनात त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली,
तटकन तुटला, वगैरे.
मासा मात्र या वेळी
वीतभर लहान होता.