दोन मिलिमीटर

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं. इबादानमध्ये, टायरवाल्याच्या माडीवर,
जनरेटरच्या घरघरीत.

सकाळी बँकेतला अकिंतोला आला.
दोन पुढच्या दातांत बोट दाखवत म्हणाला,
फोटोत इथे काळं येतं, डॉक्टर.
मोजलं : दोन मिलिमीटर, जरासं कमीच.
रंगांची पट्टी ओठाशी धरली,
आम्ल लावलं, धुतलं, कडेकडेने थर चढवले,
प्रत्येक थरावर वीस सेकंद निळा उजेड.
म्हण आता, "स".
"स."
शिट्टी गेली होती.
तो हसला, आणि हात तोंडावर गेलाच.
हाताला अजून कळलं नव्हतं.

दुपारी इबिरोंके. डुग्बेला कापड विकते,
वय पन्नास, दात मक्याच्या कणसासारखे घट्ट.
पिशवीतून आईचा फोटो काढला.
अशी फट करून द्या.
आईला बाजारात सगळे तिच्या फटीवरूनच ओळखायचे,
उधारीसुद्धा त्या हसण्यावर मिळायची.
मी म्हटलं, नाही करत मी.
घासलेलं वरचं कवच परत येत नाही,
थंड पाण्याने ठणका लागेल, जन्मभर.
"बुजवायला पैसे घेता,
उघडायला मात्र नियम?"
भर काढता येते, म्हटलं मी. कोरलेलं भरून येत नाही.
तिने फोटो रुमालात गुंडाळला.
तपासणीचे पैसे मोजून ठेवले,
सुटेसुद्धा.

माझीही होती.
लीड्समध्ये शिकताना तारा लावून मिटवली,
तेविसाव्या वर्षी, सवलतीत, वर्गमित्राच्या हातून.
विमानतळावर आईने हनुवटी वर केली,
बराच वेळ बघितलं.
"दार कोणी लावलं गं?"
एवढंच. पुढे कधी विषय नाही.

दातांच्या मागे तेव्हापासून एक बारीक तार आहे.
पेशंटना समजावते तेच :
दात विसरत नाहीत, सोडले की जुन्या जागी निघतात.

गेल्या महिन्यात तार एका बाजूने सुटली.
चिकटवायला दहा मिनिटं पुरतात.
ड्रॉवरमध्ये सगळं सामान आहे.

रात्री दिवे गेल्यावर
जीभ जाऊन येते तिथे.
धागा घालून बघते.
अजून अडकतो.
कालच्यापेक्षा कमी.